मलिक अंबर यांची मोजपट्टी आणि आमच्या वस्त्या

शहरे मोजण्याचे एक नवे शास्त्र अलीकडे जन्माला आले आहे. २०१८ साली केंद्र सरकारच्या गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाने देशातील १११ शहरे किती राहण्याजोगी आहेत याची मोजणी केली. चार आधारस्तंभ, १५ गट आणि ७८ निकष असा मोठा थाट होता. पुणे पहिले आले, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. मार्च २०२१ मध्ये दुसरी यादी निघाली. तीत दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांत बंगळुरू पहिले आणि पुणे दुसरे ठरले. आमचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्या वेळचे औरंगाबाद, हेही या फूटपट्टीखाली आले.

पण हा क्रमांक मिळाला शहराला, वस्तीला नाही. रुंद रस्त्यावरचा बंगला आणि नाल्याकाठची पत्र्याची खोली यांची बेरीज करून दोनाने भागले की जे उत्तर येते, त्या उत्तरात कोणीच राहत नाही. आमचा आक्षेप मोजण्याला नाही. मोजल्याशिवाय अन्याय सिद्ध होत नाही, हे वकिलीत आम्ही रोज पाहतो. आक्षेप आहे तो कुठे उभे राहून मोजले याला. सरासरी ही नेहमीच प्रस्थापितांच्या सोयीची असते. ती खालच्याचे दुःख वरच्याच्या सुखात मिसळून टाकते आणि मग दोघांनाही समाधानी ठरवते.

या शहरात मोजणीचा विचार करायचा तर जे शहर उभे करणारा होता त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागते. तो ना सरदारपुत्र होता ना राजपुत्र. आफ्रिकेतून साखळदंडात आणून बाजारात विकलेला तो गुलाम होता. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख बहुधा एकेरीच येतो. राजेमहाराजांना आदरार्थी बहुवचन आणि गुलामाला एकवचन, अशी ही व्याकरणातली वर्णव्यवस्था आहे. ती आम्ही पाळणार नाही. ते मलिक अंबर होते आणि त्यांच्याविषयी आम्ही त्याच आदराने बोलणार आहोत.

सुमारे १५४८ साली इथिओपियात, तेव्हाच्या हबसाणात, चापू नावाचा एक मुलगा जन्मला. कोवळ्या वयातच तो गुलामांच्या व्यापारात सापडला. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात त्याची विक्री झाली आणि तेथून तो बगदादला गेला. मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले, लिहायला-वाचायला शिकवले, हिशेब शिकवला आणि अंबर हे नवे नाव दिले. जनावराचे दात पाहावेत तसे त्याचे दात पाहिले गेले असतील, दंड चाचपले गेले असतील. गुलामांच्या बाजाराचा रिवाजच तसा होता. माणसाची मोजणी करून त्याची किंमत ठरवणारी ती व्यवस्था होती.

पुढे त्याला दख्खनमध्ये आणून चंगेजखानाला विकले. चंगेजखान अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा, म्हणजे मुख्य प्रधान होता. नाव ऐकून तो मंगोल असावा असे वाटेल, पण तो स्वतः हबशी होता आणि एकेकाळी गुलामच होता. त्याच्या पदरी सुमारे हजार हबशी गुलाम होते असे सांगतात. गुलामाने पेशवा व्हावे हे दृश्य तरुण अंबर रोज पाहत होता. राज्य कसे चालते, वसूल कसा येतो, दरबारात पाय कसा घसरतो, हे सारे तो त्या घरात शिकला. १५७४-७५ च्या सुमारास चंगेजखान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबर यांना मुक्त केले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपले गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. बाबासाहेबांनी पुढे गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून अस्पृश्यता अधिक क्रूर कशी ते दाखवले. मालक मेला, मालकिणीने मनावर घेतले आणि अंबर मोकळे झाले. त्याच काळात त्याच दख्खनमध्ये गावकुसाबाहेर राहणाऱ्या आमच्या पूर्वजांना मोकळे करणारा असा कोणी मालकच नव्हता. त्यांची गुलामगिरी एका माणसाच्या मालकीची नव्हती, ती साऱ्या गावाच्या मालकीची होती. अंबर यांचे मोठेपण सांगताना हा फरक विसरून चालणार नाही. त्यांच्या आयुष्यात तो पुढे पुन्हा समोर येतो.

मुक्त झालेल्या अंबर यांनी काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. मलिक ही पदवी त्यांना तेथेच मिळाली. १५९५ च्या सुमारास ते निजामशाहीत परतले. दिल्लीच्या मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला होता आणि चांदबीबी किल्ला लढवत होती. १६०० साली अहमदनगर पडले. राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला आणि निजामशाही संपली असे मोगलांनी गृहीत धरले. मलिक अंबर यांनी मात्र राजघराण्यातला एक तरुण शोधून त्याला परांड्याच्या किल्ल्यात दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवले आणि कारभार हाती घेतला. राजधानी परांड्याहून जुन्नरला, जुन्नरहून दौलताबादला हलली. वाटेत राजू दख्खनी हा प्रतिस्पर्धी त्यांनी मोडून काढला. १६१० च्या सुमारास दौलताबादच्या पूर्वेला, खाम नदीच्या काठी असलेल्या खडकी नावाच्या खेड्यात त्यांनी नवे शहर वसवायला घेतले.

ते संत नव्हते. त्यांच्या मुलीचा विवाह मुर्तजाशी झाला होता. मुर्तजाच्या इराणी राणीने त्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि नंतर सुलतान व राणी दोघेही विषप्रयोगाने मेले, असे त्या काळच्या युरोपीय प्रवाशाने नोंदवले आहे. या कृत्याचे समर्थन कोणी करू नये. पण त्यातून एक गोष्ट दिसते. ज्याच्या हाती पन्नास हजारांची फौज होती, ज्याच्यावाचून राज्य एक दिवस चालत नव्हते, त्याच्या घरातही जन्माचा कलंक शिरत होता. सत्ता हाती आली तरी जन्मावरून ठरलेली पायरी लोक विसरत नाहीत, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मोगल बादशहा जहांगीर तर या माणसाने हैराण झाला होता. आपल्या आत्मचरित्रात तो अंबर यांच्या काळ्या रंगावरून शिवीगाळ करतो. त्याच्या दरबारातील अबुल हसन या चित्रकाराने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढले. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टोचलेल्या मलिक अंबर यांच्या शिरावर बाण मारताना दाखवला आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बिटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात ते शिर जहांगीरच्या हाती कधीच लागले नाही. रणांगणात जे जमले नाही ते कागदावर करून घेतले, इतकेच. अंबर यांच्या फौजेत हबशी होते तसे मोठ्या संख्येने दख्खनी आणि मराठेही होते. वेरूळचे भोसले घराणे त्यांच्याबरोबर लढले. डोंगरदऱ्यांचा आधार घेऊन मोठ्या फौजेची रसद तोडायची ही युद्धपद्धती त्यांनी दख्खनमध्ये मुरवली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत तर त्यांनी तळ्याचा बांध फोडून शत्रूचा तळ चिखलात रुतवला. पाण्याची ताकद आणि जमिनीचा उतार ओळखणारा हा माणूस होता.

मलिक अंबर यांची लढाऊ कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. आमच्या दृष्टीने त्यांची दोन कामे त्याहून मोठी आहेत, आणि ती दोन्ही मोजणीची आहेत.

पहिले काम जमिनीच्या मोजणीचे. त्यांच्या आधी महसुलाचा मक्ता दिला जाई. जो जास्त बोली लावील तो गावे घेई आणि मग रयतेच्या अंगावरचे कातडे सोलून वसुली करी. मलिक अंबर यांनी हे मक्ते बंद केले. जमीन पाहून, तिचा कस ठरवून, प्रत्यक्ष पीक किती येते याचा अनुभव घेऊन त्यांनी सारा बांधला. सुरुवातीला पिकाच्या सुमारे दोन पंचमांश धान्यरूपाने आणि पुढे रोखीत सुमारे एक तृतीयांश, असा हिशेब इतिहासकार देतात. मलिकंबरी धारा हे नाव त्यांच्या मागे दीर्घकाळ दप्तरात टिकले. चांगल्या आणि वाईट जमिनीला एकच आकडा लावायचा नाही, हे त्या पद्धतीचे सूत्र होते. दिल्लीच्या यादीतली सरासरी जे विसरते ते या माणसाला सतराव्या शतकाच्या आरंभी कळले होते.

पण याच कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वसुलीचा कारभार त्यांनी ब्राह्मण कामदारांच्या हाती दिला आणि त्यावर मुसलमान अधिकारी नेमले. मोडकळीला आलेला गावगाडा पुन्हा उभा केला. गावगाडा उभा राहिला म्हणजे पाटील उभा राहिला, कुलकर्णी उभा राहिला आणि त्याबरोबर महारवाडाही गावकुसाबाहेर होता तिथेच उभा राहिला. गावची शीव कुठून कुठे जाते याची साक्ष महाराने द्यायची, त्याच्या शब्दावर हद्दीचे तंटे मिटायचे, आणि त्या हद्दीच्या आत त्याला घर मात्र नाही. जमिनीचा कस मोजला गेला, माणसांची उतरंड तशीच राहिली. मलिक अंबर यांना थोर म्हणताना ही मर्यादा झाकून ठेवणे हा प्रबोधनाचा मार्ग नव्हे.

दुसरे काम पाण्याचे. खडकी हे नावच सांगते की ती खडकाळ जागा होती. तेथे राजधानी वसवायची तर आधी पाणी हवे. मलिक अंबर यांनी हर्सूलच्या बाजूच्या डोंगर-खोऱ्यात जमिनीखाली मुरलेले पाणी हेरले आणि तेथून शहरापर्यंत भूमिगत नहर आणली. हीच नहर-ए-अंबरी. तिची रचना साधी वाटते, पण ती फार काटेकोर आहे. वरच्या अंगाला विहीर खणून झऱ्यापर्यंत जायचे. तेथून जमिनीखालून बोगदा काढायचा. त्याला इतका बेताचा उतार द्यायचा की पाणी आपल्या वजनाने वाहील. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा खणून काढते, कमी झाला तर गाळ साचतो. ठरावीक अंतरावर वर उघडणारी भोके ठेवायची, म्हणजे हवा खेळते आणि माणूस उतरून गाळ काढू शकतो. शहरात शिरल्यावर नळांतून ते पाणी हौदाहौदांना पोचवायचे. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही, विजेचे बिल नाही. ही सगळी करामत मोजणीची आहे. डोंगराच्या पायथ्यापासून शेवटच्या हौदापर्यंत जमीन किती उतरते हे ज्याला अचूक कळले त्यालाच ती साधते.

शहर असे वसले. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही पुऱ्यांची नावे त्यांच्याबरोबरच्या मराठा सरदारांवरून पडली असे मानतात. १६१२ मध्ये मोगलांवरील विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला. नौखंडा महाल त्यांचाच. आज तेथे मुलींचे महाविद्यालय आहे. १६१६ साली मोगलांनी रोशनगावच्या लढाईनंतर खडकी जाळून बेचिराख केली. ती पुन्हा उभी राहिली. १६२१ मध्ये शहाजादा खुर्रमच्या फौजेने पुन्हा तिची राखरांगोळी केली. ती परत उभी राहिली. मे १६२६ मध्ये सुमारे ७८ वर्षांचे असताना मलिक अंबर यांचे निधन झाले. मोगल दरबारचा इतिहासकार मुतमदखान याने शत्रू असूनही त्यांच्या कर्तृत्वाची थोरवी मान्य केली. खुलताबादला त्यांची कबर आहे. त्यांच्या मुलाने, फत्तेखानाने, खडकीचे फतेहनगर केले. १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत त्याचे औरंगाबाद झाले. २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. नावांवर मोर्चे निघतात, सभा गाजतात. ज्याने खडकावर पाणी आणले त्याच्यासाठी मात्र कोणी मोर्चा काढत नाही, कारण त्याच्या नावावर मते मिळत नाहीत.

पाणी आले म्हणजे ते सर्वांचे झाले असे मात्र नव्हे. मलिक अंबर यांच्यानंतर तीनशे वर्षांनी, १९३४ साली, बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत ते दौलताबादला थांबले. तोच किल्ला, जेथून अंबर यांनी कारभार केला. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेले टाके होते. प्रवासाने धुळीने माखलेल्या या मंडळींनी तेथे हातपाय आणि तोंड धुतले. इतक्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की या अस्पृश्यांनी टाके बाटवले. गर्दी जमली, धमक्या सुरू झाल्या. शेवटी किल्ला पाहू दिला तो पाण्याला कुठेही शिवायचे नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

त्या दिवशी कोणी अधिकारी दौलताबादची राहण्यायोग्यता मोजायला आला असता तर त्याने काय लिहिले असते? टाके आहे, पाणी भरपूर आहे, स्वच्छ आहे, जवळ आहे. पूर्ण गुण. आणि त्या पाण्यापासून हाकललेल्यांच्या नावाने त्याच्या तक्त्यात एकही रकाना नसता. म्हणून पाणी किती आहे हा अर्धाच प्रश्न आहे. ते कोणाच्या ओंजळीपर्यंत पोचते, हा उरलेला अर्धा. मलिक अंबर यांनी पहिला प्रश्न सोडवला. दुसऱ्याला हात बाबासाहेबांनी घातला. पुढे १९५० साली याच शहरात त्यांनी मिलिंद महाविद्यालय काढले, त्याच्या भोवती नागसेनवन उभे राहिले, आणि ज्यांच्या बापजाद्यांना टाक्याला शिवता येत नव्हते त्यांची मुले तेथे वसतिगृहात राहून पदवीधर झाली.

आता आजच्या शहराकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. पाणी येते जायकवाडीच्या नाथसागरातून, पंपांनी उचलून. अंबरी नहरीवर ठिकठिकाणी बांधकामे झाली, तिच्या वाटा तुटल्या. धरण शेजारी असूनही वर्षानुवर्षे अनेक वस्त्यांना आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा पाणी मिळत आले. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च २,७०० कोटींच्या पलीकडे गेला. आकडा कोटींचा असला की टाळ्या पडतात. आम्ही एक छोटा हिशेब मांडतो. पाइपने पाणी आणि भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण आहे. पाच माणसांच्या घराला रोज ६७५ लिटर लागतात. आठ दिवसांनी पाणी येत असेल तर त्या घराने एका वेळी ५,४०० लिटर साठवले पाहिजे. दोनशे लिटरचा एक ड्रम धरला तर २७ ड्रम. दहा बाय बाराच्या खोलीत २७ ड्रम ठेवल्यावर माणसांनी कुठे झोपायचे? ज्याच्या घराखाली हौद आणि गच्चीवर टाकी आहे त्याला आठ दिवसांचे पाणी ही गैरसोय आहे. ज्याच्याकडे तीन ड्रम आहेत त्याच्यासाठी तो पाच-सहा दिवसांचा दुष्काळ आहे. सरकारी तक्त्यात मात्र दोन्ही घरांपुढे नळजोडणी आहे असेच लिहिलेले असते.

कचऱ्याचेही तसेच. नारेगावच्या परिसरात शहराने वर्षानुवर्षे आपला कचरा टाकला. शहर स्वच्छ दिसत होते, कारण घाण नारेगावकरांच्या दारात जात होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथील लोकांनी गाड्या अडवल्या आणि साऱ्या शहरात कचऱ्याचे ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा नेण्यावरून दगडफेक आणि जाळपोळ झाली. योगायोग असा की राहण्यायोग्य शहरांची पहिली यादी त्याच वर्षी निघाली. एका वस्तीची राहण्यायोग्यता दुसऱ्या वस्तीच्या नाकातोंडातून काढून घेतलेली असते, हे कोणत्या निकषात बसते?

वस्ती मोजायची मोजपट्टी कायद्यात नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियम १९७१ सालचा आहे. त्याच्या चौथ्या कलमात माणसाच्या राहण्यास अयोग्य इमारत कशी ओळखायची ते दिले आहे. दुरुस्ती, मजबुती, ओल, उजेड आणि हवा, पाणीपुरवठा, सांडपाण्याचा निचरा, शौचालय, हे सगळे त्यात आहे. म्हणजे राहण्यायोग्यतेचा तक्ता दिल्लीच्या यादीआधी ४७ वर्षे आपल्या कायद्याच्या पुस्तकात होता. त्याचा उपयोग मात्र झोपडी अयोग्य ठरवून माणूस उठवायला अधिक झाला, वस्ती योग्य करायला कमी. संयुक्त राष्ट्रांची वसाहतविषयक संस्थाही पाचच गोष्टी पाहते: पाणी, शौचालय, पुरेशी जागा, टिकाऊ घर आणि हुसकावले न जाण्याची हमी. ही पाचवी गोष्ट आमच्या वस्त्यांच्या काळजाची आहे. गुंठेवारीत आयुष्याची कमाई घातलेल्यांना आणि गायरानावर दोन पिढ्या काढलेल्यांना विचारा. उद्या घर राहील की नाही हे ज्याला माहीत नाही त्याच्या गल्लीत कितीही दिवे लावले तरी ती राहण्याजोगी होत नाही.

पैसे नाहीत ही सबब न्यायालयात टिकत नाही. १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की निधी नाही म्हणून नगरपालिकेला गटारे आणि शौचालयांची जबाबदारी टाळता येणार नाही. तो खटला एका वस्तीच्या सामान्य रहिवाशांनी लढवला होता. १९९५ च्या चमेली सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने निवाऱ्याचा हक्क जगण्याच्या हक्कात आणला, आणि निवारा म्हणजे चार भिंती नव्हेत तर पाणी, उजेड, हवा, स्वच्छता आणि रस्ता हेही त्यात येते असे सांगितले. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाचा हा विस्तार आहे. पण न्यायालय भावना ऐकत नाही, पुरावा मागते. आमच्या वस्तीत फार हाल आहेत हे वाक्य पुरावा नाही. अमुक गल्लीत गेल्या तीन महिन्यांत अमुक तारखांना, अमुक वेळी, इतकी मिनिटे पाणी आले, हा पुरावा आहे.

म्हणून आमचे सांगणे असे आहे. चौदा एप्रिलला भडकल दरवाजाजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी हजारोंचा समुदाय जमतो. ज्याने शहर वसवले त्या मुक्त गुलामाचा दरवाजा आणि ज्याने आम्हाला मुक्त केले त्या महामानवाचा पुतळा तेथे शेजारी शेजारी आहेत. जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक विहाराने एक जाड नोंदवही घ्यावी. शिकलेल्या मुलामुलींनी घरोघर जाऊन ती भरावी. पाणी किती दिवसांनी येते आणि किती मिनिटे? व्हॉल्व्ह सोडल्यावर ते शेवटच्या घरापर्यंत पोचते का? साठवायला घरात जागा किती? शौचालय स्वतःचे की सार्वजनिक, आणि रात्री बाईला तेथे एकटे जाता येते का? नाली कोठे तुंबते? कचऱ्याची गाडी कोणत्या गल्लीपर्यंत येऊन परत फिरते? रुग्णवाहिका दाराशी येऊ शकते का? घराचा कागद कोणता आहे? भाड्याने घर मागायला गेल्यावर आडनाव विचारून कोणत्या वसाहतीत नकार मिळाला? हा शेवटचा प्रश्न ७८ निकषांत सापडणार नाही. आमच्या मुलांना तो दरवर्षी भेटतो.

नोंदवही भरली की माहितीच्या अधिकारात महापालिकेकडून त्याच वॉर्डाच्या पाण्याच्या वेळा मागवाव्यात आणि दोन्ही शेजारी ठेवावेत. फरक दिसेल. तो फरक घेऊन आधी वॉर्ड कार्यालयात, मग आयुक्तांकडे, आणि तेथे दाद लागली नाही तर खंडपीठात जावे. वकील मंडळींनी या कामाला फी लावू नये, ही आमची आमच्याच व्यवसायबंधूंना विनंती आहे.

मलिक अंबर यांनी नहर आणली तेव्हा त्यांनी शहराच्या मध्यावर उभे राहून सरासरी काढली नव्हती. शेवटच्या हौदापर्यंत पाणी पोचते की नाही हे पाहूनच डोंगरापासूनचा उतार ठरवावा लागतो. आपल्या नोंदवहीचे पहिले पानही वस्तीतल्या सर्वात शेवटच्या घरापासून सुरू झाले पाहिजे.